अकरा नंबरचा टोस्ट

मेलबर्नला कशाला चाललास, असे रसेल पेंगेलीला कुणी विचारले असते तर "नाश्त्याला" हे उत्तर शंभर टक्के खरे ठरले असते. पण साडेतीनशे किलोमीटरवर नाश्ता करायला जाणाऱ्या माणसाकडे आपल्या वॉराकिन गावात लोक कशा नजरेने बघतील हे तो जाणून होता. म्हणून तो ज्याला त्याला "डोळे तपासायला" असे सांगत सुटला. त्याची बायको नोएलीन मात्र केस कापायला गेली आणि कात्रीखाली मान वाकवलेली असताना खरे काय ते बोलून बसली. संध्याकाळपर्यंत गावाला कळले की पेंगेली जोडपे तीन दिवस शहरात राहून तीन वेळा नाश्ता करणार आहे.

खरे तर यात हसण्यासारखे काही नव्हते. या दोघांनी हमरस्त्यावर बारा खोल्यांचे मोटेल एकतीस वर्षे चालवले. प्रत्येक खोलीच्या भिंतीत एक छोटे कपाट, त्याला एक दार आतून आणि एक बाहेरून. पाहुण्याने रात्री कार्डावर खुणा करायच्या, अंडी कशी हवीत, चहा की कॉफी, टोस्ट कुठला. सकाळी नोएलीन बाहेरचे दार उघडून ट्रे आत सरकवायची, दोनदा टकटक करायची आणि निघून जायची. ती गेल्याची खात्री झाली की मगच पाहुणा आतले दार उघडायचा, कारण चट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात कुणालाच कुणाला भेटायचे नसते. अशा रीतीने तिने साठ हजारांवर नाश्ते वाढले आणि त्यांतला एकही कुणी खाताना पाहिला नाही. स्वतः ती साडेदहाला मोरीपाशी उभी राहून उरलेसुरले खायची, आणि तेही तोवर गार झालेले असायचे.

नाश्ता झाल्यावर पाहुणे ट्रेमधल्या त्या कार्डाच्या मागे शेरा लिहीत. साधारण एकच शेरा असे : "टोस्ट गार होता." नोएलीन प्रत्येक शेरा वाचायची आणि दिवसभर मनाला लावून घ्यायची. स्वयंपाकघरापासून अकरा नंबरची खोली बावन्न पावलांवर होती आणि टोस्टची ऊब, कागदी पिशवीत घालूनसुद्धा, चाळीस पावलांच्या पुढे टिकत नव्हती. रसेल जिल्हा मोटेलचालक संघाचा सात वर्षे चिटणीस होता, तेव्हा हा प्रश्न त्याने शास्त्रीय पद्धतीने हाताळला. आधी त्याने चाकांची गाडी बनवली, तिच्या खडखडाटाने पहाटे पाचला बाराही खोल्या जाग्या झाल्या. मग त्याने लांब वायर ओढून टोस्टर थेट अकरा नंबरच्या दाराशी नेला आणि अख्ख्या मोटेलची वीज घालवली. त्यानंतर शास्त्राचा नाद सुटला.

रसेलची स्वतःचीही एक सवय होती. एखादा पाहुणा कार्डावर नाव लिहायचा पण खुणाच करायचा नाही. असा माणूस उपाशी राहू नये म्हणून रसेल त्याच्या वतीने चहा आणि टोस्टच्या चौकोनात खूण करून टाकायचा. "आम्ही काही मागितलंच नव्हतं" अशा तक्रारी यायच्या, पण त्याच्या मते ते लोक मनातून सुखावलेले असत.

गेल्या हिवाळ्यात मोटेल विकले. आता तुला काय हवे ते माग, असे रसेल नोएलीनला म्हणाला. त्याच्या मनात जहाजाची सफर वगैरे होती. नोएलीनने दोन दिवस विचार केला आणि ती म्हणाली, "एके सकाळी मी नुसती बसणार. दुसरं कुणीतरी गरम गरम आणून माझ्यापुढं ठेवणार. आणि ते गार व्हायच्या आत मी खाणार. बस्."

मागणी इतकी लहान होती की रसेल घाबरला. जहाजाची सफर फसली तर दोष वाऱ्यावर ढकलता येतो. एक टोस्ट फसला तर दोष कुणाला द्यायचा?

त्याने वही घेतली आणि गावात सल्ले गोळा करायला सुरुवात केली. गावात सल्ल्यांचा दुष्काळ कधीच नसतो. पेट्रोल पंपावरच्या मर्व्हने बजावले की शहरात आपणहून खुर्चीवर बसायचे नाही, कुणीतरी येऊन बसवते. औषधाच्या दुकानातल्या ग्लेंडाने सांगितले की काउंटरवर जाऊन मागायचे, नाहीतर दिवसभर बसून राहाल. पोस्टातली कोरल म्हणाली की काउंटरवर चुकूनही जायचे नाही, त्यांना अपमान वाटतो. केस कापणाऱ्या रॉन्डाने मेलबर्नच्या फिट्झरॉय भागातल्या एका गल्लीतल्या 'बटन फॅक्टरी' नावाच्या कॅफेचे नाव दिले. अंड्यांवर फुले घालून देतात आणि ती खायची असतात, बाजूला काढून ठेवायची नाहीत, असेही तिने ताकीद दिल्यासारखे सांगितले. रसेलने सगळे वहीत उतरवले. मर्व्हचे आणि ग्लेंडाचे एकमेकांशी जुळत नाही हे त्याच्या गाडीत बसल्यावर लक्षात आले.

मोटेलवाल्याला शनिवारी उशिरा उठता येत नाही, मोटेल विकले तरी येत नाही. शहरातल्या हॉटेलात साडेचारला दोघे जागे झाले आणि पावणेसहाला बटन फॅक्टरीच्या बंद दारासमोर उभे होते. दारावर पाटी होती, साडेसात. वाट बघायची तर वेळ सत्कारणी लावावा म्हणून रसेलने काचेला नाक लावून आतली टेबले मोजली आणि वहीत एक नकाशा काढला. नोएलीनने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून धूळ बघितली. हे ती मुद्दाम करत नव्हती, एकतीस वर्षांत बोटाला तशी सवयच लागली होती.

सातच्या सुमाराला मालकीण आली. डेस्पिना नाव, पन्नाशीची, केसांत पेन्सिल खोवलेली. दारात दोन गंभीर म्हातारी माणसे, एकाच्या हातात वही, एक बाई चौकट तपासते आहे, हे बघून ती जागीच थबकली. मग एकदम गोड हसली आणि आत या, आत या म्हणाली. तिने त्यांना थेट स्वयंपाकघरात नेले. मोठा फ्रीज उघडून आतला थर्मामीटर दाखवला. रसेलला वाटले, शहरात पाहुण्यांचे स्वागत असे करतात. सौजन्य म्हणून त्याने आकडा वहीत लिहून घेतला. डेस्पिनाने हात धुण्याची जागा दाखवली, उंदरांसाठी केलेला बंदोबस्त दाखवला, चाकू ठेवायची जागा दाखवली. नोएलीनने भांडी धुण्याच्या मशीनची मनापासून स्तुती केली.

शेवटी डेस्पिनाने घाम पुसत विचारले, "मग, तपासणीत सगळं ठीक आहे ना? काउन्सिलला काय कळवणार तुम्ही?"

"काउन्सिलला कशाला कळवायचं?" रसेल म्हणाला. "आम्ही नाश्त्याला आलोय."

डेस्पिनाने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती रसेलला पुढे बरेच दिवस आठवत राहिली. दोघांना कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवून ती आत गेली आणि आतून कढया आपटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

तरीही नाश्ता आला. खरोखर आला. दोन अंडी, मशरूम, वर जांभळी फुले, बाजूला वाफाळता टोस्ट. नोएलीनने मांडीवर रुमाल पसरला आणि काटा उचलला. रसेलने श्वास रोखला. नेमके त्याच क्षणी शेजारच्या टेबलावरच्या जुळ्या पोरींनी संत्र्याच्या रसाचा जग एकमेकींकडे ओढला आणि तो मधल्यामध्ये आडवा झाला.

नोएलीन कधी उठली ते तिलाही कळले नाही. तिने रस पुसला, पोरींचे फ्रॉक पुसले, त्यांच्या आईला धीर दिला. मग हातात फडके आहेच म्हणून पलीकडचे टेबल पुसले. मग तीन टेबलांवरच्या रिकाम्या बशा एकावर एक रचून ती स्वयंपाकघरात घेऊन गेली. रस्ता तिला सकाळीच दाखवलेला होता. वीस मिनिटांनी ती परतली तेव्हा अंड्यांवरची फुले सोडून बाकी सगळे मलूल झाले होते. तिने शांतपणे सगळे खाल्ले आणि छान होते म्हणाली. तिचे 'छान' रसेलला चांगलेच ठाऊक होते. कार्डामागचे शेरे वाचून ती हाच शब्द म्हणायची.

रविवारसाठी रसेलने योजना बदलली. नोएलीनला भिंतीकडे बसवायचे, समोर टेबल घट्ट ओढायचे आणि बाहेर पडायच्या वाटेवर आपण बसायचे. योजना बिनचूक होती, फक्त टेबल मिळायला हवे होते. ते नऊला पोचले तर गल्लीच्या टोकापर्यंत माणसे उभी. दाराशी एक मुलगी मोबाइलमध्ये नावे टिपून घेत होती. तिने नियम सांगितला की सगळी माणसे हजर असतील तरच टेबल मिळेल, एक जरी कमी असले तरी नंबर मागे जाईल. रसेल हजर होता. नोएलीनही हजर होती, पन्नास मिनिटे. एकावन्नाव्या मिनिटाला तिला बाथरूमला जाणे भाग पडले आणि सार्वजनिक बाथरूम तीन रस्ते पलीकडच्या बागेत होते.

अर्थातच तेव्हाच नाव पुकारले गेले.

ती येतच असल्याचे रसेलने मुलीला सांगितले. मुलगी म्हणाली, आल्यावर सांगा. ती बागेत असल्याचे सांगितल्यावर मुलगी म्हणाली, बाग इथून दिसत नाही. मी सात वर्षे जिल्हा संघाचा चिटणीस होतो, असेही रसेलने सुचवून पाहिले, पण मोबाइलमध्ये ते लिहायला जागा नसावी. मागे ज्यूल्स नावाचा एक लांब माणूस उभा होता. त्याच्या काखेत एक आखूड कुत्रे होते.

"तुम्ही नवीन दिसता," ज्यूल्स म्हणाला. "इथं बायकोला पाणी पिऊ द्यायचं नसतं. आदल्या रात्रीपासून."

एवढे बोलून तो रसेलला मिळणार असलेल्या टेबलावर जाऊन बसला, कारण त्याची मंडळी, म्हणजे कुत्रे, हजर होती. काचेतून रसेलने पाहिले, कुत्र्यापुढे बशीत दुधाचा गरम फेस आला. गरम होता हे नक्की, कारण कुत्र्याने जीभ मागे घेऊन जरा वेळ वाट पाहिली. एका कुत्र्याचा इतका हेवा वाटावा ही गोष्ट रसेलने नोएलीनपासून लपवून ठेवली.

नोएलीन परतली तोवर नाश्त्याची वेळ संपून जेवणाची यादी सुरू झाली होती. मग त्यांनी कोपऱ्यावरच्या बेकरीतून दोन मीट पाय, म्हणजे खिमा-रस्सा भरलेल्या भाजक्या करंज्या, घेतले आणि ट्रामच्या थांब्यावर उभ्यानेच खाल्ले. पहिल्याच घासाला रसेलची जीभ भाजली आणि रस्सा शर्टावरून थेट पट्ट्यापर्यंत वाहत गेला. नोएलीन मात्र खुशीत होती. ट्राम येत होत्या, जात होत्या, सॉस लावलेल्या बोटांनी ती लोकांच्या टोप्या दाखवत होती. हे तर गरम आहे ना, मग झाले की, असे तिने समजावून पाहिले.

"उभ्यानं खाल्लंस तू," रसेल म्हणाला. "उभ्यानं तू एकतीस वर्षं खाल्लंस. हे धरायचं नाही."

नोएलीनने त्याच्या शर्टावरचा रस्सा पुसला, आणि इतका हळू पुसला की डाग आणखी पसरला.

सोमवारी सुट्टी होती आणि दुपारी पावणेदोनची परतीची गाडी होती. म्हणजे शेवटची सकाळ. ते साडेआठला पोचले तेव्हा गल्लीत जत्रा भरलेली. मोबाइलवाली मुलगी सुट्टीवर गेली होती आणि दाराजवळ कुणीच नव्हते. दाराच्या बाजूला खिळ्याला एक पुठ्ठा लटकत होता, त्यावर चिमट्याने कागद लावलेले आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल.

रसेल पुठ्ठ्याजवळ गेला आणि त्याला भरून आले. डाव्या बाजूला नावे. नावापुढे किती जण तो आकडा. त्यापुढे तीन तीन रिकामे चौकोन. वरचे मथळे चिमट्याखाली अर्धे दबले होते, पण मथळे वाचायची गरज त्याला नव्हती. असे कार्ड त्याने एकतीस वर्षे स्वतः छापून घेतले होते. शेवटी या शहराला अक्कल आली तर, असे त्याला वाटले. पण बिचाऱ्यांना कार्ड भरता येत नव्हते. तेवीस जणांनी नावे लिहिली होती आणि एकानेही एक खूण केली नव्हती.

गल्लीत उभी असलेली ती सगळी भुकेली तोंडे रसेलने एकवार पाहिली. त्याने पेन्सिल उचलली. प्रत्येक नाव नीट वाचत, कुणाला वगळले जाऊ नये म्हणून बोट ठेवत, त्याने तेवीसच्या तेवीस जणांच्या तिसऱ्या चौकोनात चहा-टोस्टची खूण केली. कागद भरला होता, म्हणून स्वतःचे नाव त्याने खालच्या तशाच छापील पण कोऱ्या कागदावर लिहिले, पेंगेली, दोन, आणि पुढच्या तिन्ही चौकोनांत खुणा केल्या. आज त्यांना सगळे हवे होते.

दोन मिनिटांनी डेस्पिना धावत बाहेर आली. तिने वरचा कागद पाहिला, आपण आत असताना कुणीतरी सगळ्यांना बसवून टाकले याचे समाधान तिच्या चेहऱ्यावर पसरले, आणि तिने तो कागद फाडून, चुरगाळून आत सांडलेल्या कॉफीवर टाकला. दुसऱ्या कागदावर एकच नाव होते. त्यावरच्या खुणांचा अर्थ लावायला तिला फुरसत नव्हती.

"पेंगेली, दोघं!" तिने पुकारले. मग रसेलला बघून कपाळाला हात लावला. "तुम्हीच का? बरं, चला. आज फ्रीज दाखवणार नाही."

त्यांना रस्त्याकडच्या उघड्या खिडकीजवळचे टेबल मिळाले, कॅफेतले सगळ्यात चांगले. रसेलने नोएलीनला भिंतीकडे बसवून टेबल घट्ट ओढले. अंडी सांगितली, चहा सांगितला, टोस्ट सांगितला. नोएलीनने रुमाल पसरला. तिच्या गालावर किंचित लाली आली होती. कार्डाची पद्धत किती सोयीची असते, लगेच नंबर लागला, असे रसेल तिला सांगणार होता.

इतक्यात बाहेर आवाज चढला. तासभर उभे असलेले लोक विचारत होते की आत्ता आलेली म्हातारी जोडी आत कशी. डेस्पिना म्हणत होती की यादीतले सगळे बसले आहेत, खुणा झाल्या आहेत. लोक म्हणत होते, आम्ही रस्त्यावर बसलोय का. ज्यूल्सचा आवाज सगळ्यांत वर होता. तो इथे सहा वर्षे रोज येतो आणि तिसऱ्या चौकोनातली खूण म्हणजे 'बसवले' हे त्याचे कुत्रेसुद्धा सांगेल, असे तो ठणकावत होता.

रसेलचे कान तापले. त्याने नोएलीनकडे पाहिले. आता काय करायचे? गप्प बसले तर दहा मिनिटांत गरम अंडी येणार होती. कबूल केले तर टेबल जाणार, पावणेदोनला गाडी, आणि गाडीत मिळतात ती आयुष्यभर गार असलेली सँडविच. एवढ्याशा गोष्टीसाठी त्याने एक गाव विचारले होते, तीन दिवस घालवले होते, एका कुत्र्याचा मत्सर केला होता. त्याला गप्प बसायची फार इच्छा झाली. पण काचेला नाक लावून एक बाई त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या कडेवर शनिवारच्या जुळ्यांपैकी एक होती.

"काय केलंस?" नोएलीनने विचारले. चाळीस वर्षांच्या संसारात ती हा प्रश्न योग्य वेळीच विचारत आली होती.

"खुणा केल्या. सगळ्यांच्या."

"चहा-टोस्ट?"

रसेलने मान डोलावली. नोएलीनने डोळे मिटून घेतले आणि तिचे खांदे हलू लागले. ती रडते की हसते ते रसेलला कळेना.

"तू उठू नकोस," तो म्हणाला. "काहीही झालं तरी उठायचं नाही. जग सांडला, छप्पर पडलं, तरी. मी बघतो."

तो बाहेर गेला आणि भर गल्लीत डेस्पिनाला सगळे सांगितले. कार्ड, चौकोन, उपाशी राहणारे पाहुणे, सगळे. डेस्पिनाने केसांतली पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिले आणि परत खोवली. बहुतेक ती कशासाठी वापरावी याचा तिने थोडा विचार केला असावा. यादी तर कॉफीत भिजून कचऱ्यात गेली होती. आधी कोण आणि मागून कोण हे आता देवही सांगू शकत नाही, असे ती म्हणाली.

"देवाला कशाला विचारायचं," रसेल म्हणाला. "मी वाचलंय की सगळं."

आणि त्याने डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. पहिले लिऑनार्डी, चौघे, त्यांतली दोन जुळी. मग त्रान, तिघे. मग फाउलर, एकटा. मग ज्यूल्स, एक आणि कंसात कुत्रे. बारा खोल्यांत कोण, किती जण, कुणाला मऊ अंडे चालत नाही, हे एकतीस वर्षे रोज रात्री कार्डे वाचून पाठ करणाऱ्या माणसाला तेवीस नावे म्हणजे काहीच नव्हते. एकेका नावाला गर्दीतून एकेक हात वर होत गेला. तेविसावा हात वर झाला तेव्हा कुणीतरी शिट्टी वाजवली. रसेलने कोऱ्या कागदावर सगळे पुन्हा लिहून काढले.

डेस्पिनाने पुठ्ठा त्याच्या छातीवर टेकवला. "तुमची बायको आत माझ्याकडं जामीन राहील. हे सगळे बसेपर्यंत दार तुमचं."

सोमवारी सव्वानऊ ते अकरा बटन फॅक्टरीचे दार जसे चालले तसे आधी कधी चालले नव्हते, आणि नंतरही कधी चालले नसावे. रसेल प्रत्येकाचे नाव घेऊन स्वागत करी, प्रवास कसा झाला ते विचारी, जरी बरेचसे लोक पलीकडच्या गल्लीतून चालत आलेले असत. आत जाण्याआधी प्रत्येकाला पायपुसण्यावर पाय पुसायला लावी. ज्यूल्सला त्याने कुत्र्याचेही चार पाय पुसायला लावले आणि ज्यूल्सने निमूट पुसले. शनिवारपासून खाली पडलेला रसेलचा रुबाब हळूहळू वर आला. पोट मात्र रिकामे होते, आणि त्याची पाठ खिडकीकडे होती.

आत नोएलीन एकटी बसली होती. पलीकडे एका म्हाताऱ्याचा चमचा खाली पडला. तिचे गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले. तिने दोन्ही हातांनी टेबल धरून ठेवले. चमचा दुसऱ्याच कुणीतरी उचलला. छप्पर जागेवर राहिले.

अंडी आली, त्यांतून वाफ निघत होती. तिने ती खाल्ली, सगळी, फुलांसकट, कुणाकडेही न बघता. मग तिने टोस्टला हात लावला. बाहेर गोंधळ चालू होता तेवढा वेळ तो काउंटरवर पडून राहिला असावा. टोस्ट गार होता.

नोएलीन बराच वेळ त्या टोस्टकडे बघत बसली. अकरा नंबरमधला माणूस दर वेळी कार्डामागे लिहायचा तेव्हा तो कसा दिसत असेल हे तिने हजार वेळा मनात रंगवले होते, आणि दर वेळी तो तिला दुष्टच वाटला होता. आता तिला वाटले, तो बिचारा नुसता भुकेला असेल. तिने हात वर केला. डेस्पिना आली.

"टोस्ट गार आहे," नोएलीन म्हणाली. "दुसरा आणून द्याल का?"

"देते की, राणी," डेस्पिना म्हणाली आणि बशी घेऊन गेली. ती रागावली नाही. तिने दिवसभर मनाला लावूनही घेतले नाही. चार मिनिटांनी इतका गरम टोस्ट आला की त्यावर लोणी ठेवताच विरघळून कडेने खाली आले. नोएलीनने पहिला तुकडा खाल्ला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. साठ हजार लोकांना हे हवे होते, आणि ते बरोबर होते.

दुसरा तुकडा तिने कागदी रुमालात गुंडाळला. खिडकीतून हात बाहेर काढून तो बाहेरच्या कठड्यावर ठेवला आणि चौकटीवर दोनदा टकटक केले. मग हात आत घेतला.

रसेलने ती टकटक ऐकली. पण समोर पासष्ट वर्षांच्या तीन मैत्रिणी पाय पुसत होत्या आणि त्यांना आतले टेबल हवे की बाहेरचे याचे एकमत होत नव्हते. ते होईपर्यंत सात-आठ मिनिटे गेली. मग तो वळला, कठड्यावरची पुडी उघडली, एक घास खाल्ला आणि चावता चावता थांबला. त्याने यादीचा कोरा कोपरा फाडला, दोऱ्याच्या पेन्सिलीने काहीतरी लिहिले, आणि कागद कठड्यावर ठेवून तितक्याच गांभीर्याने दोनदा टकटक केले.

नोएलीनने तो कागद आत ओढून चष्मा लावला. "टोस्ट गार होता. खोली नंबर अकरा."

ती इतकी मोठ्याने हसली की ज्यूल्सचे कुत्रे भुंकायला लागले. तिने डेस्पिनाच्या केसांतली पेन्सिल मागून घेतली, कागद उलटा केला आणि उत्तर लिहिले. एकतीस वर्षांत एकाही शेऱ्याला तिने उत्तर दिले नव्हते, कारण शेरा वाचेपर्यंत पाहुणा निघून गेलेला असायचा.

रसेलने बाहेर ते वाचले. "आत ये. दुसरा गरम मागवलाय. समोर बसून खा."

यादीत आता एकही नाव उरले नव्हते. त्याने पुठ्ठा खिळ्याला लावला, पायपुसण्यावर दोन्ही पाय नीट पुसले आणि आत गेला.